गोधूम, यव आणि वर्गांची भावकी

द्रव्यांचे वर्गीकरण हा विषय विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच पाठ केलेला आहे. चरकोक्त महाकषाय पन्नास, सुश्रुतोक्त गण सदतीस, अन्नपानाचे वर्ग बारा, हे आकडे परीक्षेपुरते जिभेवर असतात आणि पदवी हाती पडल्यावर हळूहळू विस्मृतीत जातात. वर्गीकरण म्हणजे पाठांतराची सोय, असा एक समज तेवढा मनात घर करून राहतो. आमचाही तसाच होता. तो दूर होण्यास एक सात वर्षांची मुलगी आणि तिची आजी कारणीभूत झाली. तो प्रसंग प्रथम सांगतो. पुढील सारे विवेचन त्यातूनच निघालेले आहे, आणि त्यातील चूक आमची स्वतःची आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मुलगी वयाच्या मानाने खुजी होती. हातपाय काटकुळे, उदर मात्र फुगलेले. मलप्रवृत्ती दिवसातून चार-पाच वेळा, द्रव, दुर्गंधी आणि चिकट. शहरातील बालरोगतज्ज्ञांनी रक्तपरीक्षण व लघ्वंत्राची बायोप्सी करून सीलिअ‍ॅक व्याधीचे निदान केले होते आणि गहू कायमचा वर्ज्य करण्यास सांगितले होते. घरच्यांनी तो कटाक्षाने बंद केला. पहिल्या दोन महिन्यांत बराच उतार पडला. आता मुलीची भूक वाढावी, अंगी बळ यावे, म्हणून आजी तिला आमच्याकडे घेऊन आली.

आम्ही ग्रहणीच्या अंगाने विचार केला. गहू गुरु आणि स्निग्ध. तो बंद आहे हे उत्तमच. त्याच्या जागी पचावयास हलके, कफघ्न आणि तरीही बल्य असे धान्य हवे. चरकांनी यवाचे गुण रूक्ष, शीत, अगुरु, कषाय, बल्य आणि कफविकारनाशक असे सांगितलेले आहेत. म्हणजे गुणांचा विचार करता यव हा बहुतांशी गोधूमाच्या उलट बाजूस उभा आहे. आम्ही सकाळी सातूची पेज लिहून दिली आणि दुपारच्या जेवणात पहिल्या घासाबरोबर हिंग्वाष्टक चूर्ण. दीपन, पाचन, लघु आहार. कागदावर चिकित्सा निर्दोष दिसत होती.

दीड महिन्याने मुलगी परत आली, ती पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत. जुलाब पुन्हा सुरू झाले होते आणि वाढलेले वजन उतरले होते. घरात चोरून पोळी, बिस्किटे दिली जात असतील, असा संशय आम्हांस आला व तो आम्ही बोलूनही दाखविला. आजीने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, रागावणार नसाल तर एक विचारते. सातू आन् गहू येगळे कसे? माझ्या माहेरी मळ्यात सातूचे दोन वाफे असायचे. दोन्हीच्या ओंब्या शेजारी ठेवल्या तर नव्या माणसाला कुठली कुणाची ते कळायचं नाही. गहू चालत नाही म्हणता, मग त्याचा भाऊ कसा चालतो?"

या प्रश्नाला आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. त्या रात्री पुस्तके उघडली, तेव्हा आजीचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

चरकांचे बारा वर्ग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात आहारद्रव्यांचे बारा वर्ग येतात : शूकधान्य, शमीधान्य, मांस, शाक, फल, हरित, मद्य, जल, गोरस, इक्षु, कृतान्न आणि आहारयोगी. या यादीकडे नीट पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. बाराही वर्ग एकाच कसोटीवर पाडलेले नाहीत.

पहिले दोन वर्ग रूपावरून आहेत. ज्यांच्या दाण्यास शूक, म्हणजे कूस असते ती शूकधान्ये. ज्यांचे दाणे शेंगेत असतात ती शमीधान्ये. ही कसोटी किती सूक्ष्म होती याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. शूकधान्यांत चरकांनी शाली, षष्टिक, कोरदूष, श्यामाक, यव, गोधूम यांच्यासमवेत वेणुयवही, म्हणजे बांबूचे बीही घेतलेले आहे. बांबू हा वस्तुतः एक महाकाय गवत आहे, असे आजचे वनस्पतिशास्त्र सांगते आणि त्यास भात-गव्हाच्याच तृणकुलात ठेवते. मनुष्याच्या उंचीच्या कितीतरी पट वाढणारा वेळू आणि गुडघ्याएवढा सावा यांना एका वर्गात बसविणाऱ्याची दृष्टी वरवरची असणार नाही.

शमीधान्यवर्गात मूग, उडीद, कुळीथ, मटकी, हरभरा, मसूर, तूर यांच्याबरोबर तीळ येतो. तिळाचे बोंड म्हणजे शेंग नव्हे आणि तिळाचे कुलही निराळे. तरीही तो येथे आहे. आहारातील त्याच्या स्थानाचा विचार रूपाच्या विचारावर येथे भारी ठरला असावा, असे आम्हांस वाटते.

इक्षुवर्गात तर ही दुसरी कसोटी उघडच दिसते. ऊस हेही गवतच. ज्वारीचा तो जवळचा आप्त. परंतु चरक त्यास शूकधान्यात बसवीत नाहीत. उसाचा रस, गूळ, खडीसाखर आणि त्यांच्याच जोडीला मध, अशा सर्व मधुर द्रव्यांचा तो स्वतंत्र वर्ग करतात. मध वनस्पतीच्या कोणत्याच अवयवातून थेट निघत नाही; तो मधमाशी करते. पण आहारात त्याचे स्थान कोठे, या प्रश्नास इक्षुवर्ग हेच योग्य उत्तर होते. शेवटचा आहारयोगी वर्ग तर पूर्णतः उपयोगावर आधारलेला आहे. तेल, सुंठ, मिरी, हिंग, सैंधव यांना एकत्र आणणारा धागा म्हणजे स्वयंपाकातील त्यांचे काम.

तात्पर्य, वर्ग हे एखाद्या प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न बदलला की द्रव्य एका वर्गातून उठून दुसऱ्या वर्गात जाऊन बसते. चरकांना याची पूर्ण जाणीव होती. पन्नास महाकषायांत तीच तीच द्रव्ये पुनःपुन्हा येत असता पाचशेची संख्या पुरी कशी होते, अशी शंका अग्निवेशाने काढली तेव्हा आत्रेयांनी दिलेले उत्तर आपणांस ठाऊकच आहे : एकच मनुष्य निरनिराळी कामे करतो आणि त्या त्या कामावरून त्याला निरनिराळी नावे मिळतात, तसेच द्रव्याचेही आहे.

आमची चूक येथेच झाली. मुलीच्या व्याधीने विचारलेला प्रश्न एक होता आणि आम्ही उत्तर दिले ते दुसऱ्याच प्रश्नाचे.

वनस्पतिशास्त्राची वाट

औद्भिद द्रव्यांचे वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि औषधी असे चार प्रकार चरकांनी सांगितले. फूल न दिसता फळणारे, फुलून फळणारे, पसरणारे आणि फळ पिकताच संपणारे, ही त्यांची लक्षणे. आपली बहुतेक धान्ये फलपाकान्त, म्हणून औषधी या प्रकारात मोडतात. पेरणी ते काढणी असा एकच जन्म असलेल्या वनस्पती, ही व्याख्या आजच्या कृषिशास्त्रातील वर्षायू पिकांशी तंतोतंत जुळते.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राची वाटही सरळ नव्हती. स्वीडनचे कार्ल लिनिअस यांनी १७५३ साली 'स्पीशीज प्लँटॅरम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला व प्रत्येक वनस्पतीस दोन पदांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. ती नामपद्धती आजही चालते. परंतु त्यांनी वर्ग पाडले ते पुष्पातील पुंकेसरांच्या संख्येवर. गव्हाच्या व सातूच्या फुलात तीन पुंकेसर, भाताच्या फुलात सहा. म्हणून लिनिअसच्या मांडणीत भात हा गव्हापासून दूर, निराळ्या वर्गात गेला. पुढे केवळ एका अवयवाची मोजणी अपुरी आहे हे उमगले. सर्वांगाचे साम्य, नंतर वंशपरंपरा आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जनुकद्रव्याचा क्रम, अशा कसोट्या येत गेल्या. लिनिअसने दूर केलेले भात आणि गहू एका तृणकुलात राहिले, आणि त्या कुलात कोण कोणाच्या किती जवळचा हेही स्पष्ट झाले.

आपल्याकडे कुलाच्या आत भावकी असते. मूळ पुरुष एक, पण काही घरे सुतकापुरती जवळ तर काही केवळ आडनावापुरती. तृणकुलाचेही तसेच आहे. गहू, सातू आणि युरोपात पिकणारे राय ही तीन धान्ये एकाच भावकीतील. ओट थोडे लांबचे. भात, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी, कोद्रा यांची घरे आणखी दूरची.

सीलिअ‍ॅक व्याधीत नेमकी ही भावकीच निर्णायक ठरते. नेदरलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हासारखी काही धान्ये वगळल्याने अशी मुले सुधारतात हे मांडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण अन्नटंचाई होती. पाव मिळेनासा झाला असताना ही रुग्णमुले बरी राहत आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडत, या अनुभवाचा उल्लेख या संदर्भात नेहमी केला जातो. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनसमूहाचा एक अंश अशा रुग्णांच्या लघ्वंत्राच्या अंतस्त्वचेस इजा करतो. तशाच घडणीची प्रथिने सातूत आणि रायमध्ये आहेत. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांत नाहीत.

म्हणजे ज्या दोन धान्यांना गुणविचाराने आम्ही परस्परविरोधी मानले, ती या व्याधीपुरती एकच होती. आणि ज्या शूकधान्यवर्गात ती दोन्ही बसतात, त्याच वर्गातील शाली त्या मुलीस पथ्यकर होता. वर्गाची सीमा एकीकडे, व्याधीची सीमा दुसरीकडे.

सातू बंद केल्यावरही एक गोष्ट उरलीच होती : हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग हा निव्वळ निर्यास नसतो. त्यात डिंक आणि गव्हाचे वा तांदळाचे पीठ मिसळून तो बांधलेला असतो. आम्ही दिलेल्या चूर्णातील हिंग कोणता, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. शिवाय घरी आणलेल्या सातूच्या पिठात भाजलेला गहू होताच, हे आजीकडून नंतर कळले. आणि ज्वारी दळून येई ती गव्हाच्याच पाळीवर, गव्हापाठोपाठ. या चारही वाटा बंद केल्या. चूर्णाऐवजी भाजलेले जिरे व सुंठ ताकातून दिली, आहारात भात, मुगाचे कढण, नाचणीची आंबील ठेवली, ज्वारी घरच्या जात्यावर दळावयास सांगितली. तीन आठवड्यांत मल बांधून होऊ लागला. वजन भरून येण्यास अर्थातच पुष्कळ महिने लागले. आजीची आम्ही क्षमा मागितली. तिने ती फारशी मनावर घेतली नाही; "आता पोरगी खेळती झाली, तेवढं पुरे," एवढेच म्हणाली.

शेतकऱ्याचे वर्गीकरण

आजीचे ज्ञान कोठून आले? ओंबी पाहून. मराठी भाषेनेच येथे एक वर्गीकरण करून ठेवलेले आहे. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, ज्वारी-बाजरीचे कणीस, तुरीची शेंग, तिळाचे आणि कपाशीचे बोंड. प्रदेशाप्रमाणे हे शब्द थोडे इकडेतिकडे होतात, परंतु डोळ्यांनी पाहून केलेला रूपाचा विचार त्यांत स्पष्ट आहे.

द्रव्याचे नाव आणि रूप गुराखी, मेंढपाळ व रानात राहणारे लोक जाणतात, त्यांच्याकडून ते समजून घ्यावे, असा उपदेश चरकांनी संहितेच्या पहिल्याच अध्यायात केलेला आहे. योग जाणणारा, म्हणजे देश, काल आणि पुरुष पाहून योजना करणारा, तो श्रेष्ठ भिषक्, हे खरे. पण योजनेच्या आधी ओळख येते. ती ओळख देणारी व्यक्ती आमच्यासमोर बसलेली होती आणि आम्ही तिच्यावर चोरून पोळी दिल्याचा आरोप करीत होतो.

कृषिशास्त्राचे वर्गीकरण आणखी निराळे प्रश्न विचारते. केव्हा पेरावे? त्यावरून खरीप, रब्बी आणि उन्हाळी. कशासाठी पेरावे? त्यावरून तृणधान्ये, कडधान्ये, गळिताची धान्ये, चारापिके, नगदी पिके. येथे सोयाबीनची नोंद गळिताच्या धान्यांत होते. वनस्पतिशास्त्राने ते मूग-तुरीच्या शिंबीकुलातील. भुईमूगही शिंबीकुलातीलच, पण शेतकऱ्यास तो तेलासाठी हवा. रुग्णास एखादे कडधान्य अॅलर्जीमुळे वर्ज्य करावयाचे असेल तेव्हा हे दोन 'तेलबिया' म्हणून नजरेआड होऊ नयेत.

आणि गृहिणीचे वर्गीकरण तर सर्वांत वेगळे. उपवासाला चालणारे आणि न चालणारे, हे महाराष्ट्रातील घराघरांत पाळले जाणारे दोन वर्ग. वरीचे तांदूळ चालतात, भात चालत नाही, दोन्ही गवतेच. राजगिरा माठाच्या कुलातील, शिंगाडा पाण्यातील फळ, साबुदाणा कसाव्याच्या कंदातून काढलेला. कसावा, बटाटा, मिरची, भुईमूग ही सारी अमेरिका खंडातून आलेली. बृहत्त्रयीत त्यांचा उल्लेख असणे शक्यच नाही. तरीही आज आपल्या उपवासाचे ताट बहुतांशी त्यांनीच भरलेले असते. सीलिअ‍ॅकच्या रुग्णास मात्र हे ताट फार सोयीचे आहे; राजगिऱ्याची लाही, वरईचा भात, शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठे यांनी त्यास रोजच्या आहारात विविधता मिळते. पीठ वेगळे दळलेले असावे, एवढेच पाहावे.

जेथे कुल आणि कर्म जुळते

यावरून कुलविचार हा गुणकर्मविचारापेक्षा श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. अश्वगंधा, कंटकारी, काकमाची, धोतरा, तंबाखू, वांगे, बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही सर्व एकाच कुलातील आहेत. त्यांत रसायन आहे, विष आहे आणि रोजची भाजीही आहे. कुल समजले म्हणून कर्म समजले, असे होत नाही.

काही ठिकाणी मात्र दोन्ही वाटा एकमेकींस भेटतात, आणि तेथे जुन्या ग्रंथांचे सामर्थ्य दिसते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनासाठी मदनफल, जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव, वत्सक आणि कृतवेधन अशी सहा द्रव्ये क्रमाने येतात. यांतील जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव आणि कृतवेधन ही चार भोपळ्याच्या कुलातील. इक्ष्वाकु म्हणजे कडू दुधी. गेल्या काही वर्षांत सकाळी अनशेपोटी दुधीचा रस घेण्याची प्रथा शहरांतून पसरली. दुधी कडू निघाल्यास त्या रसाने तीव्र वमन, रक्तमिश्रित अतिसार आणि क्वचित मृत्यूही ओढवल्याच्या घटना देशात नोंदल्या गेल्या आहेत. कुकुर्बिटासिन या कडू द्रव्यांमुळे हे घडते, आणि ती या कुलात सर्वत्र कमीअधिक प्रमाणात आढळतात. आपणांस हे नवे नाही. कडू दुधी हे वमनद्रव्य आहे, त्यास मात्रा आहे, विधी आहे, पूर्वकर्म आहे. पेलाभर रस हा त्याचा आहारविधी नव्हे. दुधी, काकडी, दोडका यांचा तुकडा आधी जिभेला लावून पाहावा आणि कडू लागताच फेकून द्यावा, हे प्रत्येक वैद्याने रुग्णास सांगितलेच पाहिजे.

बिब्ब्याचे उदाहरण कोकण-गोव्यातील वैद्यांच्या नित्य परिचयाचे आहे. भावप्रकाशात आंबा आम्रादिफलवर्गात आणि भल्लातक हरीतक्यादिवर्गात येतो. पोर्तुगीजांनी आणलेला काजू तर बृहत्त्रयीच्या कितीतरी नंतरचा. पण आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुलातील आहेत. आंब्याच्या चिकाने ज्याचे ओठ उततात, काजूच्या टरफलातील तेलाने ज्याचे हात सोलवटतात, अशा रुग्णास भल्लातककल्प लिहिण्यापूर्वी हात आखडता घ्यावा. येथे ग्रंथोक्त वर्ग आपणांस सावध करीत नाही, कुल करते. आणि भल्लातक कोणत्या रोगात, कोणत्या ऋतूत, कशाबरोबर द्यावा हे कुल सांगत नाही, ग्रंथच सांगतो.

नाव पालटले, गुण तेच

वर्गाचे नाव पालटल्याने काय होते आणि काय होत नाही, याचे ताजे उदाहरण भरडधान्यांचे. सुश्रुतांनी कोद्रव, श्यामाक इत्यादींना कुधान्य म्हटले. भावमिश्रांनी त्यांनाच क्षुद्रधान्य म्हटले. बाजारात ती भरडधान्ये झाली. २०१८ साली केंद्र शासनाने त्यांना पौष्टिक तृणधान्ये म्हणून अधिसूचित केले, आणि २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले तेव्हा श्रीअन्न हे नाव रूढ झाले. कोरडवाहू शेतकऱ्यास मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु कुधान्य म्हणून ते वाईट नव्हते आणि श्रीअन्न म्हणून सर्वांस हितकर झाले असेही नाही. चरकांनी कोरदूष व श्यामाक यांना कषाय-मधुर, लघु, शीत, वातल, कफपित्तघ्न, संग्राही आणि शोषण म्हटलेले आहे. मेदस्वी, प्रमेही रुग्णास यांसारखे अन्न नाही. पण कृश, रूक्ष कोष्ठाचा, मलबद्धतेने पीडित असा रुग्ण वर्तमानपत्र वाचून भात-पोळी सोडतो व तिन्ही त्रिकाळ वरी-कोद्र्यावर राहतो, तेव्हा त्याची तक्रार वाढते. २०२३ नंतर असे अनेक रुग्ण आम्ही पाहिले. त्यांना धान्य सोडावयास लावावे लागले नाही. दिवसातून एक वेळ, तुपासह, शिजवताना पाणी सढळ, एवढ्या बदलाने बहुतेकांचे काम झाले.

धान्याची अवस्थाही पाहावी लागते. नवे धान्य गुरु, वर्षभर जुने झालेले लघु, हा भेद आपल्या ग्रंथांत आहेच. कोद्र्याच्या बाबतीत आणखी एक भेद आहे : बुरशी लागलेला कोद्रा मादक व विषारी होतो. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्रप्रकल्पात दहा हत्ती दगावले. त्यांनी मोठ्या प्रमाणावर खाल्लेल्या कोद्र्यातील सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष त्यास कारण असल्याचे तपासणीतून पुढे आले. जुन्या संस्कृत वाङ्मयात मदनकोद्रव असा शब्द येतो तो उगीच नव्हे. जात तीच, वर्ग तोच. दाण्याची अवस्था मात्र अन्नाचे विष करून गेली.

चिकित्सालयात काय करावे

या अनुभवानंतर आम्ही आमच्या नित्य व्यवहारात काही गोष्टी पाळू लागलो. वैद्यबंधू-भगिनींच्या उपयोगी पडाव्यात म्हणून त्या येथे देत आहोत.

१. जीर्ण अतिसार, वाढ खुंटणे, औषधांना दाद न देणारा पांडुरोग, असे एकत्र दिसल्यास सीलिअ‍ॅकची शंका घ्यावी व रक्तपरीक्षणासाठी पाठवावे. परीक्षणापूर्वी गहू बंद करावयास सांगू नये. गहू आधीच सुटलेला असल्यास परीक्षण खोटे नकारात्मक येण्याचा संभव असतो आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

२. निदान निश्चित झाल्यावर पथ्य आयुष्यभराचे असते. आम्ही अग्नी सुधारून गहू पुन्हा पचवून दाखवू, असे आश्वासन देऊ नये. लक्षणे नसतानाही आंत्राची इजा चालू राहू शकते.

३. अपथ्य सांगताना नुसते 'गहू' न म्हणता रवा, मैदा, शेवया, दलिया, सातू आणि सातूचे पीठ यांची नावे घ्यावीत. ओटमध्ये गव्हाची भेसळ नेहमीची. तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून ते देऊ नयेत. गिरणीचाही विचार करावा.

४. आपण देत असलेल्या औषधांतील हिंग कोणता आणि गोळ्यांना बांधण्यासाठी वापरलेला स्टार्च कशाचा, हे निर्मात्यास लेखी विचारावे. स्वतः कल्प करणाऱ्या वैद्याने हिंग्वाष्टकासाठी पिठाविरहित हिंग घ्यावा.

५. रुग्णपत्रिकेत धान्याचे मराठी नाव, संस्कृत नाव आणि शंका असल्यास वनस्पतिशास्त्रीय नाव, अशी तिन्ही लिहावीत. सातू, सत्तू, जव ही नावे गावागणिक अर्थ पालटतात.

६. कोणतेही द्रव्य दुसऱ्याच्या जागी प्रतिनिधी म्हणून योजताना स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. याचे गुण काय? आणि याचे आप्त कोण? पहिल्याचे उत्तर संहितेत व निघंटूत मिळेल, दुसऱ्याचे वनस्पतिशास्त्रात.

या सहाही गोष्टींत आपल्या शास्त्राचा कमीपणा आहे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. यवाचे चरकोक्त गुण आजही तसेच आहेत. प्रमेह आणि स्थौल्य यांत आम्ही यव पूर्वीइतक्याच विश्वासाने देतो. त्या मुलीच्या बाबतीत यवाचे गुण खोटे ठरले नाहीत. गुण हा तेथे विचारावयाचा प्रश्नच नव्हता. रूपावरून, गुणावरून, कर्मावरून आणि उपयोगावरून असे अनेक वर्ग आपल्या आचार्यांनी एकाच ग्रंथात निःशंकपणे नांदविले. त्यात आणखी एक वर्ग, भावकीचा, आपण सामावून घेतला तर तो त्यांच्याच रीतीला धरून होईल.

ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. मध्यंतरी आजीच्या गुडघ्यांसाठी औषध न्यावयास आली होती. उंचीने आमच्या बरोबरीची झालेली पाहून समाधान वाटले. निघताना तिने पुडीवरील यादी वाचली आणि विचारले, "यात हिंग आहे का?" औषध आजीचे आहे, असे आम्ही सांगितले. त्यावर ती म्हणाली, "हो, पण डबा एकाच फळीवर असतो ना!"

आम्ही हिंग नसलेला कल्प बांधून दिला.